पोटात कडबा भरलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. हल्ली ज्याला स्नीकर म्हणतात त्या प्रकारचा, डाव्या पायाचा आणि सात नंबरचा. माझा मूळ रंग गर्द निळा होता. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण माझा उजवा भाऊ अद्याप तसाच निळा आहे. माझ्या संपूर्ण आयुष्यात मी एकदाही कोणाच्या पायात गेलेलो नाही. मी रस्ता चाललो नाही, चिखल तुडवला नाही, की माझ्या तळात कधी काटा मोडला नाही. बुटाच्या दृष्टीने पाहिले तर माझा जन्म वाया गेला असेच कोणीही म्हणेल. तसे घडले नाही. ते का घडले नाही, तेवढेच मला सांगावयाचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. कापड, रबर आणि डिंक यांपासून मला तयार करण्यात आले. पायाच्या आकाराच्या एका साच्यावर मला ताणून बसवले होते, आणि साचा काढून घेताच माझ्या पोटात कागदाचा एक गोळा कोंबण्यात आला. आकार खचू नये म्हणून तो गोळा असतो. त्या वेळी मला त्याचे महत्त्व समजले नाही. पुढे समजले.

त्यानंतर एका खोक्यात, उजव्या भावाच्या कुशीत डोके घालून, मी बीड जिल्ह्यातील पाटोदा या गावी आलो. तेथे बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोमेश्वर नावाच्या गृहस्थांनी चपला-बुटांचे दुकान उघडले होते. दुकानदारांचा असा एक रिवाज असतो की, जोडीतील एकच बूट बाहेर टांगावा आणि दुसरा खोक्यात ठेवावा. एकटा बूट कोणी चोरून नेत नाही. सोमेश्वर यांनी मला बाहेर टांगले आणि भावाला आत ठेवले. ही निवड त्यांनी विचार करून केली नव्हती. हाताला जो पहिला लागला तो बाहेर गेला.

आरंभीचे दिवस कौतुकाचे होते. येणारे-जाणारे मला बोटाने फिरवून पाहत. कॉलेजची मुले माझ्यासह फोटो काढीत. परंतु दुकान पश्चिमेकडे तोंड करून होते. दुपारपासून दिवस मावळेपर्यंतचे ऊन माझ्या बाहेरच्या अंगावर पडे. दोन उन्हाळे गेले. माझे बाहेरचे अंग विटून राखेसारखे फिकट झाले. आतले अंग मात्र निळेच राहिले. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने जोडी मागितली. खोक्यातील भाऊ बाहेर आला, आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवल्यावर ते गृहस्थ हसू लागले.

"सोमेश्वरराव, ह्ये दोगं एका मायचे हायत का?"

त्या दिवसापासून मला काउंटरखाली टाकण्यात आले. पोटातील कागदाचा गोळा कोणीतरी काढून त्याने काच पुसली. माझे अंग खचले, जीभ आत पडली, टाच एका बाजूला कलली.

मित्रांनो, आता या कथेत भागवत पेंटर येतात.

भागवत हे पाटोद्यापासून चार किलोमीटरवरील एका वस्तीवर राहणारे रंगारी होत. आठवीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि एका जुन्या पेंटरच्या हाताखाली अक्षरे शिकले. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरील नावे, शाळांच्या भिंतींवरील सुविचार, हे सर्व त्यांच्या हातचे असे. अक्षर काढावे, त्याला काळी किनार द्यावी, आणि उजवीकडे खाली त्याची सावली मारावी, म्हणजे अक्षर भिंतीवरून उठून दिसते, ही त्यांची विद्या होती आणि ती पक्की होती. परंतु छापील फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम राहिले नव्हते. त्यांच्या पत्नी शिवकन्या यांचा भाऊ चाकणला एका कंपनीत वॉचमन होता. तेथे आणखी एक जागा रिकामी होती.

अशा वेळी सोमेश्वर यांनी दुकानाच्या बाजूची मोठी भिंत रंगविण्याचे ठरविले. भिंतीवर एकच बूट हवा होता, माणसाच्या उंचीचा. भागवत यांनी एका दुपारी नमुना म्हणून खडूने आणि रंगाने हातभर बूट काढून दाखविला. काळी किनार दिली. उजवीकडे खाली सावली मारली.

सोमेश्वर यांनी कमरेवर हात ठेवून ते चित्र पाहिले.

"पेंटर, हा बूट हाय का धपाटं?"

दुकानातील लोक हसले.

"शेड मारलीय की शेठ," भागवत म्हणाले.

"शेड मारलीस, पर पाय कुठून घालावा त्याच्यात? भिंतीला चिटकवलेलं धपाटं दिसतंय बे. मला असा पायजे, की पोराला वाटावं हात घालून काढावा. ऐक. पुढच्या रविवारपर्यंत जमलं तर भिंत तुझी. न्हाई तर मी बीडहून फ्लेक्स छापून आणतो. समद्या लाइनीतले दुकानदार बघायलेत. तुझं जमलं तर त्यांच्याबी भिंती हायत."

एवढे बोलून त्यांनी काउंटरखालून मला काढले आणि भागवत यांच्या पिशवीत टाकले. "घे, ह्याला बघून शीक. तसाबी खपत न्हाई आता."

त्या संध्याकाळी भागवत यांनी घरी सांगितले की, ही भिंत गेली तर ते ब्रश माळ्यावर ठेवतील आणि सोमवारी चाकणची गाडी धरतील. शिवकन्या भाकरी थापीत राहिल्या. त्यांच्या सासूबाई साखराबाई शेळ्या दावणीला बांधीत होत्या. त्यांचे वय सत्तरीच्या घरातील. जन्म सारा शेळ्यांमागे गेलेला. त्यांनी एवढेच विचारले, "अन् शेळ्या?" कारण मुलगा गेल्यावर वीस शेळ्या डोंगराला नेणे त्यांना एकटीला झेपणार नव्हते. त्यांचे गुडघे धरले होते.

मला घरात घेण्यात आले नाही. पायातली वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही, हा त्या घराचा नियम होता. गोठ्याच्या कडेला एक सपाट दगड होता, त्यावर मला ठेवण्यात आले.

पहिल्या दिवशी भागवत यांनी मोबाइलवर बूट काढण्याचे व्हिडिओ पाहिले. त्यातील हात अतिशय वेगवान होता आणि भाषा परकी होती. भागवत यांनी थांबवून थांबवून रेघेला रेघ उतरविली. सायंकाळी वहीत एक सुंदर बूट तयार झाला. परंतु तो व्हिडिओतील बूट होता, मी नव्हतो. मला थोडा वळवून ठेवताच त्यांचा हात पुन्हा अडला. दुसऱ्याच्या बुटावर शिकलेली रेघ माझ्या अंगावर बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बाज टाकून बसले आणि माझ्याकडे वरून पाहून चित्र काढू लागले. सकाळी माझी सावली एकीकडे होती, दुपारी पायाशी आली, मग दुसरीकडे गेली. भागवत खोडरबराने सावली पुसत आणि नवी काढीत. कागद फाटला. साखराबाई दुपारची भाकरी खाण्यासाठी आल्या, त्यांनी हे पाहिले.

"सावलीच्या मागं कावून पळतूस? ती काय तुझ्यासाठी थांबती?"

"मग काय करू, माय?"

"एक टाइम धर. मी शेळ्या सोडती तवा बस, अन् ऊन चढलं की ऊठ. उद्या पुन्यांदा त्याच टायमाला बस. सावली तितंच आलेली आसती."

भागवत यांनी तसे केले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ते बसले आणि दहाला उठले. चौथ्या दिवशीही तसेच. सावली खरोखर त्याच जागी येत असे. तरीसुद्धा चित्र पत्र्यातून कापून काढल्यासारखेच दिसे. काळी किनार आली की हात आपोआप उजवीकडे खाली सावली मारून मोकळा होई. वीस वर्षे अक्षरांना सावली देणारा तो हात होता. अक्षराला पोट नसते. त्याला पाठीमागे सावली दिली की पुरते. बुटाला पोट असते. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नव्हती.

चौथ्या दिवशी सायंकाळी त्यांनी वही फेकली. ती शेळ्यांच्या पुढ्यात पडली आणि एका शेळीने तिचा कोपरा चावला.

"चावू दे," ते म्हणाले. "तिला तरी कामाला यील."

साखराबाईंनी शेळीच्या तोंडातून वही काढली. ओल्या कागदावरील चित्र त्यांनी दूर धरून पाहिले. मग मला उचलले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला अनेकांनी पाहिले होते, परंतु असे कोणी पाहिले नव्हते. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि माझ्या डाव्या अंगावर त्यांनी तळहात ठेवला.

"भागवत, हिकडं बस. खाली बस, बाजंवर न्हाई. मला सांग, शेळी चरून आली, तर तिचं पोट भरलंय का न्हाई, कसं वळखायचं?"

"डाव्या कुशीला बघायचं. खळगा पडलाय का बघायचं."

"वरून दिसतंय का?"

"न्हाई. खाली वाकून, बाजूनं."

"मग ह्याला वरून कावून बघतूस चार दिस? अन् हात लावून बघ. हा उपाशी हाय. डावी कूस पार आत गेलीया. उपाशी जनावर समोर बांधलंस अन् चित्र भरल्यालं पायजे म्हणतूस."

शिवकन्या चुलीजवळून म्हणाल्या, "आत्याबाई, आता बुटाला बी चारा घालायचा का?"

"घालायचा. आण जरा कडबा."

दोघी हसल्या, परंतु त्या वृद्ध स्त्रीने ते काम अगदी गंभीरपणे केले. ज्वारीच्या कडब्याची वाळलेली पाने चुरून त्यांनी प्रथम माझ्या टोकात दाबली, मग मध्यावर, मग टाचेत. माझी जीभ उभी राहिली. टाच सरळ झाली. खचलेली कूस हळूहळू बाहेर आली. कागदाचा गोळा गेल्यानंतर प्रथमच मला माझा आकार परत मिळाला.

त्यानंतर त्यांनी सुतळीचे तुकडे घेतले आणि माझ्या अंगाभोवती बोटभर अंतरावर बांधले, टोकापासून टाचेपर्यंत सात फेरे.

"आता ही सुतळी कशी जाती ती काढ. बूट काढू नगस. नुसती सुतळी काढ."

"सुतळी कावून?"

"गाभण शेळीच्या पोटाला दावं बांधल्यावर ते सरळ जातंय का? वाकून जातंय, फुगून जातंय. दावं बघितलं की पोट कळतंय."

भागवत जमिनीवर पालथे झाले. हनुवटी मातीला टेकली. प्रथमच त्यांचे डोळे माझ्या उंचीला आले. टोकावरची सुतळी लहानशी आणि चांगलीच वाकलेली होती; मध्यावरची उंच चढून पलीकडे उतरत होती; टाचेजवळची जवळजवळ उभी होती. त्यांनी कागदावर फक्त सात वाकड्या रेघा काढल्या. किनार काढली नाही. सावली काढली नाही. आणि त्या सात रेघांच्या मध्ये, काहीही न काढता, एक बूट दिसू लागला.

ते तसेच पालथे राहून सुतळीवरून बोट फिरवू लागले. मग म्हणाले, "माय, ह्याच्यात पाय जातोय."

मित्रांनो, पुढील दोन दिवसांत ते जे शिकले ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला उपयोग होईल. माझ्या तोंडाचे वर्तुळ बाजूने पाहिल्यास गोल दिसत नाही, चपटे दिसते, आणि त्याची पलीकडची कड अलीकडच्या कडेपेक्षा उंच जाते. नाडीच्या दोन रांगांतील छिद्रे सारख्या अंतरावर असली तरी पलीकडची रांग अधिक दाट दिसते. नाडी ही रेघ नसून पट्टी आहे. ती दुसऱ्या नाडीवरून जाते तेथे तिला चढावे लागते. आणि सर्वांत काळी जागा माझ्या अंगावर नसून, माझा तळ दगडाला जेथे टेकतो तेथे आहे. ती बारीक काळी रेघ दिली की बूट जमिनीवर बसतो. न दिली तर हवेत तरंगतो. किनार कोठेही द्यावी लागत नाही. जेथे अंग वळते तेथे रंग आपण होऊन गडद होतो.

शनिवारी सकाळी चित्र जवळजवळ पूर्ण झाले होते. तरीही एक ठिकाण खोटे दिसत होते, आणि ते कोणते, हे भागवत यांना सापडत नव्हते. सकाळचे ऊन माझ्या आतल्या अंगावर होते. बाहेरचे अंग सावलीत होते. परंतु चित्रात दोन्ही अंगे उजळ होती, जणू दोन सूर्य उगवले होते.

साखराबाई शेळ्या सोडता सोडता थांबल्या.

"ह्या अंगाला ऊन कुठंय?"

"फिकं दिसतंय की, माय. म्हणून फिकं काढलं."

"ते ऊन न्हाई, लेकरा. ते इटलेलं हाय. पांढरी शेळी सावलीत बसली म्हणून काळी होत न्हाई, खरं हाय. पर पोटाखाली तीबी काळवंडल्यालीच दिसती. रंग येगळा, ऊन येगळं. दोन्ही एकात कालवू नगस."

भागवत यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगावरील तो डाग, ज्यामुळे मला काउंटरखाली जावे लागले होते, तो त्यांना उजेड वाटला होता. त्यांनी पेन्सिल आडवी धरली आणि ते अंग हळूहळू गडद केले. दुसरा सूर्य मावळला.

रविवारी पहाटे ते मला पिशवीत घेऊन पाटोद्यास आले. येताच त्यांनी सोमेश्वर यांच्याकडे एक वस्तू मागितली.

"शेठ, ह्याचा जोडीदार द्या. खोक्यातला."

"त्याला काय करतूस?"

"आंग ह्याचं बघतो, रंग त्याचा."

अशा रीतीने आम्ही दोघे भाऊ फुटपाथवर एका विटेवर पुन्हा शेजारी बसलो. मी फिकट, सुतळीने बांधलेला, पोटात कडबा भरलेला. तो गर्द निळा, कोरा, कागदाच्या गोळ्यासह.

भागवत यांनी प्रथम भिंतीवर खडूने सात वाकड्या रेघा ओढल्या. बघे जमले होते. कोणी म्हणाले, "पेंटर, आज बरगड्या काढायलास का?" ते हसले नाहीत आणि थांबलेही नाहीत. दुपारपर्यंत गडद निळा आला, मग त्याहून गडद, मग आतल्या अंगावर उजळ. सर्वांत शेवटी त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि तळाखाली ती काळी रेघ दिली. त्या क्षणी बूट भिंतीवरून सुटला आणि जमिनीवर बसला.

सोमेश्वर दुकानातून बाहेर आले. त्यांनी दूर जाऊन पाहिले, जवळ येऊन पाहिले, डोके वाकडे करूनही पाहिले. परंतु ते काही बोलण्याच्या आत बसस्थानकाच्या दिशेकडून साखराबाई आणि शिवकन्या आल्या. साखराबाईंना गुडघ्यांमुळे रिक्षातून उतरण्यास वेळ लागला. त्या थेट भिंतीकडे गेल्या. रंग ओला होता. भागवत "माय, ओलं हाय," असे म्हणाले, पण त्यांनी ऐकले नाही. त्यांनी चित्रातील डाव्या कुशीवर तळहात ठेवला, जसा त्या रोज संध्याकाळी एकेका शेळीवर ठेवीत.

"भरलंय," त्या म्हणाल्या.

तळहात निळा झाला. चित्रावर पाच बोटे उमटली.

सोमेश्वर यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या हातात दिला. "त्या बीडच्या फ्लेक्सवाल्याला लाव. म्हणावं नगं आता." मग भागवत यांच्याकडे वळून म्हणाले, "अन् ती बोटं बुजवून घे."

भागवत यांनी बोटे बुजविली. परंतु दोन बोटांचे ठसे, तळाजवळ, जेथे रंग गडदच असतो, तेथे त्यांनी राहू दिले. जवळ जाऊन पाहिल्यास ते आजही दिसतात.

सोमवारी चाकणची गाडी गेली. भागवत तिच्यात नव्हते. त्या वर्षी त्या ओळीतील चार भिंती त्यांनी रंगविल्या, पुढील वर्षी पाटोद्याबाहेरच्याही. साखराबाईंना डोंगर आता होत नाही. शेळ्या भागवत सकाळी चारून आणतात आणि दहानंतर ब्रश घेतात. संध्याकाळी दावणीजवळ बसून, डाव्या कुशीवर हात ठेवून पाहण्याचे काम मात्र साखराबाई अद्याप कोणाला देत नाहीत.

माझा भाऊ त्याच दिवशी खोक्यात परत गेला. जोडी अपुरी असल्याने तो विकला जात नाही. त्याच्यावर एकही डाग नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय तो कोणाला दिसतही नाही. त्याच्या वाट्याचे ऊन मी घेतले की माझ्या वाट्याची सावली त्याने घेतली, हे मला ठरविता आलेले नाही.

मी गोठ्याच्या कडेला त्याच दगडावर असतो. दर रविवारी वस्तीवरील काही मुले-मुली वही घेऊन येतात आणि माझ्यासमोर पालथी पडतात. मित्रांनो, तुम्हीही कधी आलात, तर माझी एवढी विनंती ध्यानात असू द्या. बाजेवर बसू नका, खाली या. माझा फिकट डाग हा उजेड समजू नका. चित्र काढून झाले की सुतळी सोडू नका, कारण पुढच्याला ती लागेल. आणि शेळ्या माझ्या पोटातील कडबा ओढून खातात, त्यात त्यांचा दोष नाही. जाण्यापूर्वी माझ्या डाव्या कुशीवर एकदा हात ठेवून पाहा. खळगा लागला, तर दावणीजवळील कडब्याची मूठभर पाने घ्या आणि टोकापासून भरीत या.